तळ्याची हौस आणि बांधाचा खर्च

मुळशी, मावळ, कर्जत, मुरबाड, इगतपुरी या पट्ट्यातल्या शेतघरांच्या जाहिरातीत ‘लेक व्ह्यू’ आलं की गुंठ्याचा भाव चढतो. यातलं तळं क्वचितच आपोआप झालेलं असतं. घळीत किंवा ओढ्यावर मातीचा बांध घालून पाणी अडवलेलं असतं. कृषी पर्यटन केंद्रं, शिबिरांच्या जागा, चार मित्रांनी मिळून घेतलेली जमीन अशा ठिकाणीही हे बांध दिसतात. वापर हौसेचा असतो: बोट फिरवायची, गळ टाकून बसायचं, संध्याकाळी काठावर चहा घ्यायचा. पाणी शेताला द्यायचं नसतं, त्यामुळे पाटबंधारे खात्याचा माणूस तिकडे फिरकत नाही. बांधाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी तो गळायला लागल्यावरच निघतो.

या बांधाची तब्येत कशी ओळखायची, कशावर पैसे घालायचे आणि किती, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. सार एवढंच, की बांध सांभाळायला लागणारा पैसा फार मोठा नसतो, पण तो दरवर्षी लागतो. आणि त्या पैशावर पहिला हक्क सांडव्याचा.

हिशोबासाठी एक नमुना धरू: बांध मध्यभागी 6 मीटर उंच, 100 मीटर लांब, माथा 3 मीटर रुंद, तळ्याचा पसारा एक हेक्टर, पाणलोट 20 हेक्टर. खालचे दर कंत्राटदाराचं अंदाजपत्रक पारखता यावं इतपत ढोबळ आहेत. डोंगराळ भागात वाहतुकीमुळे ते चढतात. वस्तू व सेवा कर वेगळा धरा, आणि जलसंपदा विभागाची त्या वर्षाची दरसूची शेजारी ठेवून घासाघीस करा.

विकत घेण्याआधी

एक हेक्टरचं, सरासरी 2 मीटर खोल तळं म्हणजे 20,000 घनमीटर, अर्थात 2 कोटी लिटर पाणी. दहा हजार लिटरचे दोन हजार टँकर. बांधाच्या खालच्या अंगाला एक-दोन किलोमीटर चालत जा आणि ओढ्याच्या काठाला कोण राहतं ते पाहा. वाडी, आश्रमशाळा, वीटभट्टीवरच्या झोपड्या, रस्त्याची मोरी यांपैकी काहीही असेल तर बांध लहान आहे हे म्हणणं सोडून द्या. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं आणि भेंदवाडीतली घरं माणसांसकट गेली. गळतीबद्दल आधीच तक्रारी केल्या होत्या, असं गावकरी सांगत होते. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं होतं. खेकडे बांध पोखरतात हे खरंच आहे. पण बिळं शोधून बुजवणं हे देखभालीचंच काम आहे.

कागद मागताना तीन गोष्टी विचारा. पहिली, बांध नैसर्गिक ओढ्यावर आहे का? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 प्रमाणे नदी-नाले सरकारच्या मालकीचे आहेत. सातबारा तुमच्या नावावर असला तरी ओढा परवानगीशिवाय अडवता येत नाही. दुसरी, बांधाचा नकाशा आणि छेद आहे का, आणि त्यावर कोणत्या अभियंत्याची सही आहे? तिसरी, बांधाखालची जमीन संस्थेच्या सामाईक मालकीत येते की विकासकाच्या नावावर राहते? ती विकासकाकडेच राहिली तर तळं तुमच्या डोळ्यांसमोर असेल, पण बांधाला हात लावायचा हक्क तुमच्याकडे नसेल.

धरण सुरक्षा अधिनियम, 2021 मुख्यतः 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो. 10 ते 15 मीटर उंचीची धरणं लांबी, साठा वगैरे अटींत बसली तरच त्यात येतात. तुमचा 6 मीटरचा बांध त्याच्या बाहेर राहतो. म्हणजे तपासणीला कोणी येणार नाही, पण जबाबदारी मात्र सुटत नाही. अडवलेलं पाणी निसटून शेजाऱ्याचं नुकसान झालं तर साठवणाऱ्याने भरून द्यायचं, हे तत्त्व इंग्लंडमधल्या ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’ या 1868 च्या निकालातून आलं. तो खटलाही गिरणीसाठी बांधलेल्या एका खासगी तळ्याचाच होता. आपली न्यायालयंही हे तत्त्व मानतात. जीवितहानी झाली तर निष्काळजीपणाचा फौजदारी गुन्हा होतो तो वेगळाच. विम्याची ‘सार्वजनिक दायित्व’ पॉलिसी घेताना जलाशय फुटण्याचा धोका वगळलेला नाही, हे लेखी घ्या.

फुकटात होणारी तपासणी

मोठ्या धरणांची पाहणी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर करावी असं कायदा सांगतो. तेच वेळापत्रक आपणही धरावं. शिवाय पावसाळ्यात आठवड्याला एक फेरी. त्यासाठी वही, मोबाइलचा कॅमेरा, पंधरा लिटरची बादली आणि काचेची एक स्वच्छ बाटली एवढंच लागतं.

*माथा.* बांधावरून ट्रॅक्टर-गाड्या जात असतील तर मधोमध चाकोरी पडून माथा खचलेला असतो. पूर आला की पाणी नेमकं त्या खोलगट जागेवरून उलटतं. गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी आणून दर दहा मीटरवर पातळी घ्या. नळी तीन-चारशे रुपयांत येते. एखादी जागा बाकीच्या माथ्यापेक्षा वीतभर खाली असली तर ती मुरूम टाकून, पाणी मारून, दाबून वर आणायची.

*भेगा.* काळ्या मातीच्या बांधाला उन्हाळ्यात भेगा पडतातच. बांधाच्या लांबीला समांतर, कमानीसारखी वळलेली भेग दिसली आणि तिच्या खालचा भाग किंचित उतरलेला असला, तर उतार घसरायला लागला आहे. पाण्याच्या बाजूने कोरड्या बाजूकडे आरपार जाणारी भेग त्याहून वाईट, कारण पाण्याला ती तयार वाट असते. भेग किती खोल आहे हे पाहायची जुनी रीत सोपी आहे. तिच्यात चुना कालवलेलं पातळ पाणी ओता आणि शेजारी खणत जा. पांढरी रेघ जिथे संपते तिथे भेग संपते.

*पायथा.* कोरड्या बाजूचा पायथा मार्च-एप्रिलमध्ये पाहा. सगळीकडे गवत वाळलेलं असताना एखादाच पट्टा हिरवागार दिसला, त्यात लव्हाळा आणि पाणकणीस उगवलं असलं, पाय ठेवल्यावर टाच रुतत असली, तर तिथे बारमाही पाझर आहे. मातीचा बांध थोडा पाझरणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. विचारायचं ते एवढंच, की पाणी एकटं येतंय की सोबत माती आणतंय. पाझर एका चरातून एका जागी आणा. बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा आणि तळ्याच्या पातळीसकट वहीत लिहा. मग बाटली भरून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी गाळाचा थर बसला असेल तर बांधाची माती आतून वाहून चालली आहे, आणि अभियंत्याला बोलवायची वेळ आली आहे. तळ्याची पातळी तेवढीच असताना पाझर वाढत गेला, तरी तेच.

*बिळं आणि झाडं.* घुशी, साळिंदर, खेकडे यांची बिळं माती-पाण्याच्या घट्ट राडीने पूर्ण भरायची. तोंडाशी दगड कोंबून उपयोग नाही. बांधावर झाड नकोच. मूळ आत शिरतं, पुढे झाड मेलं की मूळ कुजतं आणि त्याच्या जागी पोकळ नळी उरते. मनगटापेक्षा बारीक झुडपं मुळासकट काढून खड्डा थरांनी दाबून भरा. मोठं झाड तळं भरलेलं असताना उपटू नका. आधी अभियंत्याचं मत घ्या, आणि ते झाड तोडबंदीच्या यादीतलं असेल तर परवानगीही काढा. बांधावर फक्त गवत हवं, तेही गुडघ्याखाली कापलेलं. टणटणी माजलेल्या बांधावरचं बीळही दिसत नाही आणि भेगही.

सांडवा: पहिला खर्च इथे

मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागलं की तो फार काळ टिकत नाही. जादा पाणी बाजूने काढून देणारा सांडवा म्हणूनच बाकी सगळ्याच्या आधी येतो. तो पुरेसा आहे का, हे कागदावर दहा मिनिटांत ताडून पाहता येतं.

एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. वीस हेक्टरच्या पाणलोटावर तासाला 100 मिलिमीटरची सर आली तर तासाभरात 20,000 घनमीटर पाणी पडतं, म्हणजे तुमचं अख्खं तळं भरेल इतकं. त्यातलं 60 टक्के वाहून आलं तरी सेकंदाला साधारण 3.3 घनमीटर होतं. सांडव्यावरून अर्धा मीटर जाडीचा प्रवाह जाऊ द्यायचा, तर रुंदीच्या दर मीटरमागे सुमारे 0.6 घनमीटर पाणी निघतं. म्हणजे सांडवा किमान साडेपाच-सहा मीटर रुंद हवा. शिवाय त्या प्रवाहाच्या वर मीटरभर कोरडा बांध उरला पाहिजे. सांडव्याच्या पातळीपासून माथा दीड मीटर उंच, हे कमीत कमी. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर सर याहून मोठी धरावी लागते आणि तो आकडा अभियंत्याने ठरवायचा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता, हे लक्षात असू द्या.

पाणलोट किती हे उपग्रह-नकाशावर डोंगराच्या धारेवरून रेघ ओढून मोजता येतं. पुष्कळ तळ्यांवर हा हिशोब केला की बांधात घातलेला दोन फुटी सिमेंटचा पाइप हाच ‘सांडवा’ असल्याचं कळतं. त्यातून या पाण्याचा छोटासा हिस्साच निघतो, आणि एखादी फांदी अडकली तर तोही नाही.

खर्च असा येतो. सांडव्याचा चर साफ करायला जेसीबीचे चार ते आठ तास, तासाला 1,200 ते 1,500 रुपयांनी 5,000 ते 12,000. हे दरवर्षी मे महिन्यात. कडेच्या टेकाडात सहा मीटरचा नवा चर काढून काँक्रीटचा उंबरा आणि दोन्ही बाजूंच्या भिंती घालायच्या तर सुमारे 30 घनमीटर काँक्रीट लागतं. खोदाईसकट तीन ते पाच लाख धरा. खडक लागला तर जास्त. पाणी जिथे पडतं तिथे दगडांचा थर हवा, नाहीतर सांडवा खालून खचत वर येतो. सांडव्याचं पाणी बांधाच्या पायथ्यापासून दूर ओढ्याला मिळतं ना, तेही पाहा.

सुखसोयींचा सापळा

हौसेच्या तळ्याच्या दुर्घटनांत सगळ्यात मोठी अमेरिकेतली आहे. पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्क धरण मातीचं होतं, सुमारे 22 मीटर उंच. पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका मासेमारी क्लबकडे ते होतं. अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री फ्रिक त्याचे सभासद होते. बग्गीचा रस्ता रुंद व्हावा म्हणून माथा थोडा उतरवलेला होता. मासे पळू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या होत्या. तळातून पाणी सोडायचे लोखंडी नळ आधीच्या मालकाने काढून भंगारात विकले होते आणि क्लबने ते पुन्हा बसवले नाहीत. 31 मे 1889 ला मुसळधार पावसात पाणी माथ्यावरून उलटलं, बांध फुटला आणि खाली जॉन्सटाउन गावात 2,209 माणसं गेली.

आपल्याकडच्या शेतघरांच्या तळ्यांवर हेच तीन प्रकार आजही दिसतात. बांधावरून गाड्यांचा रस्ता, सांडव्यावर माशांची जाळी, आणि तळं रिकामं करायची सोय नाही. यात चौथा प्रकार इथला: माथ्यावर फिरायची वाट करून दोन्ही बाजूंना गुलमोहर किंवा अशोक लावतात, आणि त्याला ठिबकने पाणी देतात.

त्यावर उपाय फार महाग नाहीत. गाड्यांना माथ्यावर बंदी करा. दोन खांब आणि साखळी, पाचेक हजारांत काम होतं. मासे राखायचेच असतील तर सांडव्याच्या तोंडाशी जाळी लावू नका. ती तळ्यात काही मीटर मागे, उभ्या गजांची, रुंद फटींची आणि पावसाळ्यात उचलून ठेवता येईल अशी करा. चालायची वाट बांधाच्या पायथ्यापासून लांब न्या.

तळं रिकामं करण्यासाठी बांध फोडून नवा पाइप टाकू नका. बांधातून गेलेल्या पाइपाच्या बाजूने पाणी वाट काढतं, आणि जुना गंजलेला पाइप तर माती आत ओढायला लागतो. त्यापेक्षा माथ्यावरून जाणारी वक्रनळी बरी. सहा इंची एचडीपीई पाइप, दोन झडपा आणि वर पाणी भरायचं तोंड, असं मिळून 75,000 ते दीड लाख. पाण्याची पातळी आणि बाहेरचं तोंड यांत तीन-चार मीटरचा फरक असेल तर सेकंदाला 40 लिटरच्या आसपास पाणी निघतं. आवक नसताना एक हेक्टरचं तळं मीटरभर उतरवायला तीनेक दिवस लागतात. हा वेग मातीच्या बांधाला मानवतो. दिवसाला फूटभरापेक्षा वेगाने पाणी उतरवलं तर आतला ओला उतार घसरण्याची भीती असते.

तज्ज्ञाला कशाचे पैसे द्यायचे

भूतंत्राची जाण असलेला स्थापत्य अभियंता हवा. पाटबंधारे किंवा जलसंधारण खात्यातून निवृत्त झालेले, मातीच्या धरणांवर उभी हयात घालवलेले अभियंते जिल्ह्याच्या गावी सापडतात. जो दुरुस्तीचं कंत्राट घेणार आहे, त्याच्याकडून तपासणी करून घेऊ नका.

एका पाहणीचे 10,000 ते 25,000 रुपये, त्यात छायाचित्रांसह लेखी अहवाल आलाच पाहिजे. अहवालात कामांची तीन भागांत यादी मागा: लगेच करायचं, या उन्हाळ्यात करायचं, पुढे पाहायचं. बांधाचा आणि सांडव्याचा टोटल स्टेशनने सर्व्हे 15,000 ते 25,000. तो एकदाच करून घ्यावा, कारण पुढच्या प्रत्येक वादात तो लागतो. भोकं घेऊन माती तपासायची तर आठ मीटरच्या दोन बोअरना, यंत्र आणण्यापासून प्रयोगशाळेपर्यंत, 75,000 ते दीड लाख. उतार घसरतोय किंवा पाझर वाढतोय तरच हा खर्च करा. सगळं ठीक दिसत असताना केवळ मनाच्या समाधानासाठी नको. मातीच्या चाचण्या सरकारी किंवा खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही होतात.

दुरुस्तीचे दर

*पायथ्याचा गाळण-थर.* पाझर स्वच्छ आहे पण पायथा ओला राहतो, अशा ठिकाणी वाळू, बारीक खडी, जाड खडी आणि वर दगड या क्रमाने थर देतात. पाणी निघतं, माती अडते. तीस मीटर लांबीला सुमारे 20 ब्रास माल. सगळं मिळून एक ते दोन लाख.

*दगडी पिचिंग.* लाटांनी आतला उतार खाऊन पायरी पडली असेल तर. पाण्याच्या पातळीलगतचा सहा मीटर रुंद पट्टा, फूटभर जाडी, म्हणजे 64 ब्रासच्या आसपास दगड. रचाईसह ब्रासला 3,500 ते 5,000 धरून सव्वादोन ते सव्वातीन लाख. दगडांखाली बारीक खडीचा थर आहे ना ते पाहा. तो चुकवला की लाटा दगडांच्या फटींतून माती ओढून नेतात.

*उतार चपटा करणं किंवा बांध नव्याने घालणं.* खोऱ्याच्या आकाराच्या जागेत असा अख्खा बांध घालायचा तर 1,250 ते 1,300 ब्रास भराव लागतो. माती जागेवरचीच मिळाली तर आठ ते बारा लाख. मुरूम-माती विकत आणायची तर वीस लाखांच्या पुढे, आणि गौण खनिजाच्या स्वामित्वधनाची पावती कंत्राटदाराकडून मागून घ्यायची. इथे पैसे दबाईचे आहेत. भराव वीतभर जाडीच्या थरांत, योग्य ओल ठेवून, रोलरने दाबला पाहिजे. ‘जेसीबी वरून फिरवला की दबतं’ हे ऐकून घेऊ नका. घनतेच्या चाचण्या करारात लिहा. एका ठिकाणची चाचणी 500 ते 1,000 रुपयांत होते. नवा भराव जुन्याला जोडताना जुन्या उताराला पायऱ्या पाडल्या आहेत का, हे स्वतः जाऊन पाहा. त्या नसल्या तर दोन्हींच्या मधल्या फटीतून पाणी वाट काढतं.

नवा किंवा मोठी दुरुस्ती झालेला बांध पहिल्या पावसाळ्यात एकदम भरू देऊ नका. पानशेतचं मातीचं धरण 12 जुलै 1961 ला फुटलं, तेव्हा काम अपुरं होतं आणि ते पहिल्यांदाच भरत होतं. वक्रनळी चालू ठेवून पाणी टप्प्याटप्प्याने चढवा, आणि प्रत्येक टप्प्यावर पायथा बघा.

काही गोष्टींवर पैसे घालू नका. बांधाच्या कोरड्या उतारावर सिमेंटचं प्लास्टर केलं तर पाझर आत कोंडतो आणि भेगा दिसत नाहीत. सबंध तळ्याला प्लास्टिकचा कागद घालायला एक हेक्टरला दहा लाखांच्या आसपास जातात. पाणी मुरायचं थांबतं, पण अपुऱ्या सांडव्याला त्याचा काही उपयोग नाही. ‘गळती बंद, दहा वर्षांची गॅरंटी’ म्हणून इंजेक्शन मारणाऱ्यांना आधी विचारा, की गळती कुठून येते हे तुम्ही कसं शोधलं.

वर्षाचं बजेट

– गवत-झुडपं, दोनदा कापणी: 12,000 ते 20,000
– सांडव्याची सफाई, मे महिन्यात: 5,000 ते 12,000
– अभियंत्याच्या दोन पाहण्या: 20,000 ते 50,000
– बिळं बुजवणं, चाकोऱ्या भरणं, मुरूम: 5,000 ते 15,000
– आणीबाणीचा साठा (खाली पाहा) टिकवणं: 3,000 ते 5,000

एकूण साधारण 45,000 ते एक लाख. वीस प्लॉटधारकांत वाटले तर प्रत्येकी सव्वादोन ते पाच हजार. सांडव्यासारख्या मोठ्या कामासाठी वेगळा निधी ठेवा. दरवर्षी तेवढीच रक्कम बाजूला टाकली तर चार-पाच वर्षांत जमते. सांडवा आजच अपुरा असेल तर मात्र वर्गणी जमायची वाट पाहू नका. काम होईपर्यंत तळं निम्म्यावरच ठेवा, म्हणजे मोठ्या सरीला आत जागा राहते.

पाऊस कोसळत असताना

आणीबाणीचा साठा म्हणजे एक ब्रास वाळू, एक ब्रास खडी, शंभर रिकामी पोती, ताडपत्री, फावडी आणि दोन चांगल्या बॅटऱ्या. पहिल्यांदा 10,000 ते 15,000 लागतात. हा साठा पायथ्याजवळ पण ओढ्यापासून वर ठेवा.

पायथ्याला पाणी बुडबुड्यांसारखं उकळ्या मारत वर येत असेल आणि भोवती मातीचं वर्तुळ साचत असेल, तर त्यावर चिखल किंवा प्लास्टिक कोंबू नका. पाणी अडलं की दुसरीकडे वाट फोडतं. त्यावर आधी वाळू, मग खडी, मग दगड टाका, म्हणजे पाणी गाळून बाहेर येईल. वक्रनळी सुरू करा. पाणी गढूळच राहिलं, माथा खचायला लागला किंवा पाणी माथ्याच्या वीतभर खाली आलं, तर बांध वाचवण्याचा नाद सोडा. खालच्या वस्तीला हलवा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077 आणि आपत्कालीन मदतीचा 112 आहे. वाडीतल्या चार-पाच जणांचे, सरपंचांचे आणि पोलीस पाटलांचे नंबर वॉचमनच्या खोलीत भिंतीवर लिहिलेले हवेत. आणि फोन करायला त्याने मालकाची परवानगी मागू नये, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

संस्थेच्या येत्या सर्वसाधारण सभेत तीन ठराव पुरेत: बांधाची वही कोण ठेवणार, वर्षाची वर्गणी किती, आणि सांडव्याचा हिशोब कोणत्या अभियंत्याकडून तपासून घ्यायचा. नवी बोट, काठावरचा लाकडी डेक, कारंजं हे विषय त्या अहवालानंतरच्या सभेत घ्या.